आपल्या मैदानावरचं पाणी

(दहावी १९९८ च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकाने माझी ओळख करून देताना ‘शाश्वत नागरी विकास आणि हरित पायाभूत सुविधा या विषयात पोस्टडॉक्टरल संशोधन’ असं एका दमात म्हटलं, त्याबद्दल आधी त्याचे आभार. आठवीत याच व्यासपीठावर ‘किंकर्तव्यविमूढ’ म्हणताना तो तीनदा अडखळला होता, हे ज्यांना आठवतंय त्यांना त्याची प्रगती कळेल.

समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे वेळ पाळणं माझ्याच हिताचं आहे.

पोस्टडॉक म्हणजे काय, हे सकाळपासून पाच जणांनी विचारलं. पीएच.डी. झाल्यावर, पक्की नोकरी लागण्याआधी, दोन-तीन वर्षांच्या करारावर करायचं संशोधन म्हणजे पोस्टडॉक. माझ्या सासूबाई सोप्या शब्दांत सांगतात, ‘हिचं शिक्षण संपलंय, पण सुटलेलं नाही.’ बारा वर्षं बांधकामाच्या नकाशांवर काम करून मी पुन्हा शिकायला गेले आणि त्यातली शेवटची दोन वर्षं कोपनहेगनला, डेन्मार्कच्या राजधानीत काढली.

आता हरित पायाभूत सुविधा. रस्ते, पूल, गटारं, पाइप यांना आपण पायाभूत सुविधा म्हणतो. पाइप जे काम करतो, त्यातलं काही काम माती, झाडं, मैदानं, ओढे, तळी यांच्याकडून करून घ्यायचं, एवढाच या भारदस्त शब्दाचा अर्थ. शहरात कडेला शोभेची झाडं लावतात, ती यात धरत नाहीत. इथे झाडाला आणि मातीला कामाला लावलेलं असतं. पडलेलं पाणी धरून ठेवायचं, थोडं मुरवायचं, उरलेलं सावकाश सोडायचं, हे ते काम.

कोपनहेगनला हे का सुचलं ते सांगते. २ जुलै २०११, शनिवारची संध्याकाळ. शहरावर ढगफुटी झाली. दोन-अडीच तासांत काही भागांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. तिथल्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून जातं. त्यामुळे लोकांच्या तळघरांत जे शिरलं ते नुसतं पाणी नव्हतं. रस्ते बंद, रुग्णालयाला धोका, आणि नुकसान पाच ते सहा अब्ज क्रोनरच्या घरात. श्रीमंत शहर, उत्तम गटारं, शिस्तीचे लोक, आणि तरीही हे झालं.

मग त्यांनी हिशेब मांडला. असा पाऊस पोटात घेईल एवढे मोठे पाइप सगळ्या शहराखाली टाकायचे तर खर्च अफाट, आणि ते पाइप वर्षानुवर्षं रिकामे पडून राहणार. म्हणून २०१२ मध्ये महापालिकेने ढगफुटीसाठीचा आराखडा केला. थोडे बोगदे आणि पाइप, आणि बाकीचं काम जमिनीवर. पुढे त्यातून सुमारे तीनशे कामांची यादी झाली, साधारण वीस वर्षांत पुरी करायची. लक्ष्य ठरवलं तेही मोजता येईल असं: शंभर वर्षांतून एकदा यावा असा पाऊस आला तरी रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये. पाणी येणारच नाही, असं वचन त्यांनी दिलं नाही. किती येईल आणि कुठे थांबेल, हे ठरवलं.

मी राहत होते तिथून सायकलने थोड्या अंतरावर टोसिंगे प्लास नावाचा चौक आहे. आधी तिथे बहुतेक डांबरच होतं. २०१४ च्या अखेरीला त्याची बाग झाली. चौकाचा एक भाग खोलगट केला, त्यात ओल सहन करणारी झाडं लावली. आजूबाजूच्या छपरांवरचं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, म्हणून ते वेगळं गोळा केलं. रस्त्यावरचं पाणी वेगळं ठेवलं, कारण हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ झाडांना मारतं. उलट्या छत्र्यांसारखी मोठी शिल्पं उभी केली आहेत, त्यांत पाऊस पडतो. मुलं पंपावर पाय देऊन पाणी काढतात. जिथे पूर आला होता तिथे मुलं पाण्याशी खेळताहेत, हे बघून मला पहिल्याच आठवड्यात इथली फार आठवण आली होती.

दुसरी जागा म्हणजे एंगहेवे पार्क. जवळजवळ शंभर वर्षं जुनी बाग. २०१९ मध्ये तिचं नवं रूप खुलं झालं. बागेच्या कडेने बुटकी भिंत घातली आहे. एरवी तीवर लोक बसतात, पोरं चालतात. मोठा पाऊस आला की तीच भिंत बांध होते आणि बागेत दोन कोटी लिटरहून जास्त पाणी थांबू शकतं. पाऊस सरला की ते हळूहळू सोडून देतात. या बुटक्या भिंतीची गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

हे सगळं ऐकून आपल्यापैकी कुणीतरी म्हणणार, ‘तिकडे सगळं छान असतं.’ तिथेही वाफ्यांत सिगारेटची थोटकं आणि पाला अडकतो, आणि जाळी वेळेवर साफ केली नाही तर तिथेही पाणी तुंबतं. आणि तिथलं जसंच्या तसं उचलून इथे आणताही येत नाही. पुण्याचा वर्षाचा पाऊस कोपनहेगनपेक्षा फार वेगळा नाही, सातशे-साडेसातशे मिलिमीटर. पण तिथे तो वर्षभर थोडा थोडा पडतो आणि आपल्याकडे बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आपल्या वाफ्यातल्या झाडाने चार महिने पाय पाण्यात ठेवून उभं राहायचं आणि उरलेले आठ महिने तहान काढायची. शिवाय आपल्याकडे वरती हातभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. पत्थराला भेगा असतील तिथे पाणी उतरतं, नसतील तिथे अडून बसतं. खड्डा खणला की पाणी मुरलंच, असं इथे म्हणता येत नाही.

आणि पाण्याची जाण आपल्याला कुणी शिकवायला हवी, असंही नाही. सातवीत बाईंनी आपल्याला कात्रजला नेलं होतं. निम्म्या वर्गाचं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होतं, पण बाई सांगत होत्या, की नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, इथे तलाव बांधला, इथून जमिनीखालून नळ नेला आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचवलं. वाटेत हवा सुटायला जे मनोरे बांधले त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात, हा शब्द तेव्हा मला फार आवडला होता. आज सारसबाग आहे तिथे, पर्वतीच्या पायथ्याशी, त्याच काळातलं तळं होतं. म्हणूनच तिथला गणपती तळ्यातला. कोपनहेगनला माझ्या पहिल्या सादरीकरणात मी ‘उच्छ्वास’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. बाई, ते श्रेय तुमचं आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. तो जरा अवघड आहे.

पुणेकराला पूर म्हटलं की पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१. आपल्या घरांतली वडील मंडळी अजून ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असं म्हणतात. तो धरण फुटून आलेला नदीचा पूर होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आला तो नदीचा नव्हता, ओढ्यांचा होता. कात्रजच्या डोंगराकडून येऊन मुठेला मिळणारा आपला आंबिल ओढा, जो एरवी पुलावरून जाताना नाक दाबण्यापुरता आपल्या लक्षात येतो, तो त्या रात्री काही तासांत घरांत शिरला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून जास्त माणसं नेली.

आपल्या वर्गातल्या एका मित्राचं घर ओढ्याकाठी होतं. त्याची परवानगी घेऊन सांगते आहे. तो समोरच बसला आहे आणि नाव घेऊ नकोस म्हणाला आहे. घरातली माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. सामान गेलं. स्मरणिकेसाठी समितीने सगळ्यांकडे दहावीचा वर्गफोटो मागितला, तेव्हा ग्रुपवर त्याने एका ओळीत लिहिलं होतं, ‘माझा ओढ्याने नेला.’ आपण त्याखाली हसण्याची चिन्हं टाकली. मीही टाकलं होतं.

२०२२ च्या पावसाळ्यात मी संशोधनासाठी पुण्यात आले. कोपनहेगनला बसून मी आंबिल ओढ्याच्या खोऱ्याचा नकाशा तयार केला होता. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठे छप्पर, कुठे डांबर, कुठे मोकळी जमीन, हे संगणक रंगांनी दाखवतो. ओढ्याकाठचा एक पट्टा मी हिरव्या रंगाने दाखवला होता. ‘पाणी पसरायला उपलब्ध जागा’ असं त्याखाली लिहिलं होतं. नकाशा सुंदर दिसत होता आणि माझ्या मार्गदर्शकांनाही आवडला होता.

तो मी आपल्या मित्राला चहाच्या टपरीवर दाखवला. त्याने मोबाइलवर बोटांनी तो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, ‘हे हिरवं आहे ना, इथे आमचं स्वयंपाकघर आहे. हे आंब्याचं झाड आमच्या दारातलं. त्याच्याखाली सहा घरं आहेत.’

झाडाच्या पसाऱ्याखाली घरं होती. वरून फक्त झाड दिसत होतं. ही चूक संगणकाची नव्हती. ज्या भागात मी लहानाची मोठी झाले, तिथे ओढ्याकाठी कोण राहतं हे मला माहीत होतं. नकाशा करताना मला ते आठवलं नाही. आणि ‘उपलब्ध जागा’ या दोन शब्दांचा पुढे अर्थ काय होतो, हे त्याने मला न चिडता सांगितलं. ‘म्हणजे हिरवं करायला आम्हालाच उठवणार. पाणी वरून तुम्ही पाठवणार.’

त्याचं दुसरं वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. ओढ्याला जागा हवी, यात वाद नाही. धोक्याच्या काठावर कुणी राहू नये आणि ज्यांना हलायचं आहे त्यांना जवळपास, पक्कं, हक्काचं घर मिळावं, यातही वाद नाही. पण ओढ्यात येणारं पाणी ओढ्याकाठी पडलेलं नसतं. ते वरच्या उतारावर पडतं. आपल्या गच्च्यांवर, सोसायट्यांच्या पार्किंगवर, सिमेंटच्या गल्ल्यांवर पडतं आणि पूर्वी जे तासाभराने, मातीत अर्धं जिरून खाली जायचं, ते आता दहा-पंधरा मिनिटांत सगळंच्या सगळं खाली जातं. सगळ्यांचं पाणी एकाच वेळी पोहोचतं, म्हणून ओढा चढतो. मी माझ्या संशोधनाचा प्रश्नच बदलला. खाली कुणाची जागा घेता येईल, याऐवजी वर किती पाणी थोडा वेळ थांबवता येईल, हे मोजायला लागले.

मोजायची पद्धत अगदी साधी आहे. दोन्ही बाजूंनी उघडा असा लोखंडी डबा जमिनीत थोडा ठोकायचा, त्यात पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून बसायचं. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने मी आपल्या शाळेतही हे केलं. आपली शाळा तळजईच्या उतारावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. मला वाटलं होतं, मैदान मुरमाचं आहे, पाणी झटकन जाईल. खो-खोच्या पाटीजवळ डबा ठोकला. शिपाईमामांनी चहा आणला, चहा संपला, मधली सुट्टी झाली, सुट्टी संपली, पाणी जवळपास तसंच. इतक्या वर्षांच्या पावलांनी ते मैदान ठोकून ठोकून घट्ट झालेलं आहे. त्यातली काही पावलं आपली. मग कुंपणाजवळच्या करंजाखाली डबा ठोकला. तिथे पाला कुजून माती भुसभुशीत झाली आहे. दुसरा कप हातात येईपर्यंत डबा रिकामा.

आता मी ज्यासाठी समितीकडे बोलायची वेळ मागून घेतली, ते सांगते.

आपल्या तुकडीने शाळेला भेट म्हणून मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून द्यायचं ठरवलं आहे. निधी जमा झाला आहे. मीही पैसे भरले आहेत आणि ग्रुपवर अंगठाही दाखवला आहे. त्यामागचं कारण खरं आहे. पावसात चिखल होतो, मुलं घसरतात, पांढऱ्या गणवेशाचे डाग घरच्या बायकांना काढावे लागतात, उन्हाळ्यात वर्गात धूळ येते. ज्यांनी हे सुचवलं त्यांनी प्रेमाने सुचवलं. पण गेल्या आठवड्यात ग्रुपवर दरपत्रक आलं. त्यात ‘संपूर्ण मैदान, भिंतीपासून भिंतीपर्यंत’ असं लिहिलं होतं, आणि खाली सिमेंटचा थर. ते वाचल्यावर मला टपरीवरचं वाक्य आठवलं. पाणी वरून तुम्ही पाठवणार.

गणित करूया. गणिताचे सर बसले आहेत, चुकलं तर सांगतील. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आपलं मैदान पाऊण एकर, म्हणजे साधारण तीन हजार चौरस मीटर. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर दीड लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. सिमेंटवर घट्ट बसवलेल्या पेव्हरवरून त्यातलं जवळजवळ सगळं खालच्या फाटकातून गल्लीत आणि गल्लीतून ओढ्यात. आज मैदान घट्ट आहे हे खरं, पण ते सुधारता येतं. एकदा सिमेंट घातलं की सुधारायला काही उरत नाही. आणि क्रीडाशिक्षक सरांना मी एवढंच विचारते, की पेव्हरवर खो-खो कसा खेळणार? सूर मारला की गुडघ्याचं काय होईल?

म्हणून माझी विनंती अशी. निधी तोच, भेट थोडी वेगळी.

एक, पेव्हर जिथे खरंच हवेत तिथे बसवू. फाटकापासून वर्गांपर्यंतची वाट, पाण्याच्या टाकीभोवती आणि प्रार्थनेला रांगा लागतात तो वरचा पट्टा. तेही वाळूवर आणि सांधे उघडे ठेवून, म्हणजे थोडं पाणी आत जाईल.

दोन, इमारतीच्या छपराचं पाणी टाकीत घेऊ. छप्पर सहाशे चौरस मीटर धरलं तर दर मिलिमीटर पावसाला सहाशे लिटर. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात छपरावरची धूळ असते. पुढचं स्वच्छतागृहांना आणि झाडांना वापरायचं.

तीन, मैदानाचा खालचा एक तृतीयांश भाग सपाट करायचा आणि त्याच्या खालच्या कडेला वीतभर उंचीचा दगडी कठडा घालायचा. हीच ती एंगहेवे पार्कची बुटकी भिंत. एरवी मुलं तिथे डबा खायला बसतील. हजार चौरस मीटरवर पंधरा सेंटिमीटर पाणी थांबलं तर किती झालं, सर? दीड लाख लिटर. मघाचे पंधरा टँकर बरोबर मावले. कठड्याला बारीक तोंडाचा पाइप ठेवायचा, म्हणजे ते पाणी पाऊस ओसरल्यावर काही तासांत सावकाश निघून जाईल. इतक्या उथळ पाण्यात धोका कमी, तरी तशा पावसात मुलांना मैदानावर सोडायचं नाही, हा नियम असावाच.

इथे एक गोष्ट कुणीही विसरू नये. हे पाणी कुंपणाच्या जुन्या भिंतीला टेकता कामा नये. २०१९ च्या त्या रात्री भिंती पडून माणसं गेली. म्हणून कठडा भिंतीपासून बराच आत हवा आणि काम सुरू करण्याआधी भिंतीची तपासणी हवी. कठडा आणि भिंत यांमधल्या पट्ट्यात करंज आहेत तसेच राहू देत, आणि कठड्याच्या आतल्या कडेने वाळा लावू. वाळा पाण्यातही तगतो आणि उन्हाळाही काढतो, त्याची मुळं खोल जाऊन माती मोकळी करतात.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: निधीतला काही हिस्सा आज खर्चच करायचा नाही. तो दरवर्षीच्या साफसफाईसाठी बँकेत ठेवायचा. किती सोसायट्यांत पाऊस-पाणी साठवायची सोय दाखवून करात सवलत घेतलेली असते आणि शोषखड्डा गाळाने बुजून वर फरशी आलेली असते, हे मी मोजत हिंडले आहे. दरवर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी आपल्यापैकी दहा जणांनी शाळेत यायचं. जाळ्या साफ करायच्या, टाकी धुवायची, कठड्याचा पाइप मोकळा करायचा. नंतर वडापाव माझ्याकडून.

तुम्ही विचाराल, याने पूर थांबेल का? नाही थांबणार. २०१९ सारख्या रात्री एका शाळेच्या मैदानाने ओढ्याच्या पातळीत दिसण्याजोगा फरक पडणार नाही, आणि असा दावा मी केला तर माझी पदवी परत घ्यावी. पण कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत या उतारावर किती शाळा आहेत, किती बागा, किती सोसायट्यांची आवारं! प्रत्येकाने आपल्या वाटचं पाणी एक-दोन तास धरलं, तर सगळ्यांचं पाणी एकदम ओढ्यात जाणार नाही. सुरुवात कुणीतरी करावी लागते, आणि आपल्याकडे जमा निधी आहे, स्थापत्य अभियंते चार आहेत, नगरसेवक एक आहे आणि वशिला लावायला मुख्याध्यापिका बाई स्वतः इथल्याच माजी विद्यार्थिनी आहेत.

निर्णय अर्थातच शाळेचा. पेव्हरच हवेत असं ठरलं, तर मी दिलेले पैसे परत मागणार नाही. पण दरपत्रकावर सही करण्याआधी एकदा फाटकातून बाहेर पडून, गल्लीने खाली ओढ्यापर्यंत चालत जाऊन या, एवढंच मागते. सात मिनिटं लागतात. पाण्याला त्याहून कमी.

शेवटी एक जुना गुन्हा कबूल करते. आठवीत बाईंनी शाळेत पर्जन्यमापक बसवला होता. बाटली, नरसाळं आणि मोजपात्र. रोज सकाळी पाऊस मोजून फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आणि या मित्राकडे होतं, एक दिवसाआड. बाई, जोराचा पाऊस असला की मी भिजायला नको म्हणून मैदानात जात नसे. आदल्या दिवशीच्या आकड्यात थोडी भर घालून लिहून टाकत असे. त्याने एकदाही तसं केलं नाही. छत्री नसली तरी दप्तर डोक्यावर धरून जायचा. मला वाटायचं, हा बाईंना घाबरतो. कितीतरी वर्षांनी, त्या टपरीवर, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘घरी गेलो की आई विचारायची, आज किती पडला? खालच्या फळीवरचं सामान वर ठेवायचं का?’

आपल्या वर्गात या विषयाचं संशोधन माझ्याआधी तो करत होता. नवं मैदान होईल तेव्हा तिथे पुन्हा एक पर्जन्यमापक बसवावा आणि पहिलं माप त्याने घ्यावं, अशी माझी इच्छा आहे. मी मोजपात्र धरायला येईन. या वेळी भिजायला.

वर्गफोटोची एक प्रत मी मोठी करून आणली आहे. जेवणानंतर त्याला आपण सगळे मिळून देऊया.